कवडसे गोल का असतात?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, मी घरूनच काम करते. टेबलासमोरच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि भिंतीच्या कडेला एकच झाड. त्याचं नावही मला माहीत नाही. मैत्रिणी डोंगरांचे, सूर्यास्तांचे फोटो पाठवतात आणि मी ‘वा!’ लिहून मोकळी होते. खरं सांगायचं तर आतून काहीच वाटत नाही. सकाळी पाच मिनिटं शांत बसून निसर्ग अनुभवायचा, हेही करून पाहिलं. डोक्यात दिवसभराच्या कामांची यादीच फिरत राहते. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर : कमी काही नाही. तुम्ही स्वतःला भलतंच काम नेमून दिलंय. ‘आता सुंदर वाटून घे’ असं म्हणून कुणाला सुंदर वाटत नसतं. वनस्पतिशास्त्र शिकवताना मी वर्गात ‘हे फूल बघा किती छान’ असं म्हणायचं टाळत असे. म्हटलं की अर्धा वर्ग जांभया द्यायला लागतो. ‘यातले पुंकेसर मोजा’ म्हटलं की तीच मुलं फुलात नाक खुपसतात आणि तास संपल्याची घंटा झाली तरी मान वर करत नाहीत. तेव्हा तुम्हीही सौंदर्य हुडकत बसू नका. तिथे काय चाललंय एवढंच बघा.

झाडापासून सुरुवात करा. नावावाचून काही अडत नाही. चांगलं ऊन असताना खाली उतरा आणि झाडाकडे न बघता त्याच्या सावलीत बघा. जमिनीवर कवडसे पडलेले असतील. जरा वाकलात तर दिसेल, की बहुतेक सगळे गोल आहेत. आता मान वर करा. पानांमधल्या फटी गोल आहेत का? छे! कुठे चिरोटी, कुठे त्रिकोण, कुठे नुसती भेग. मग खाली गोल आले कुठून?

तो गोल सूर्याचा आहे. बारीक भोकातून उजेड आला, की पुरेशा अंतरावर भोकाचा आकार पुसला जातो आणि उजेड जिथून आला त्याचं चित्र उमटतं. म्हणजे तुमच्या इमारतीच्या आवारात रोज दुपारी सूर्याची शेकडो उलटी चित्रं पडलेली असतात आणि लोक त्यांवर गाड्या लावतात. ऊन कललं की ती लंबगोल होतात. खंडग्रास सूर्यग्रहण असेल, तर झाडाखालचे सगळेच्या सगळे कवडसे चंद्रकोरी होऊन बसतात. ते एकदा पाहिलेला माणूस पुढच्या ग्रहणाची तारीख स्वतःहून शोधतो.

आणखी एक. सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट लांब आहे. म्हणून पानांमधली फटही कवडशाच्या रुंदीच्या साधारण तेवढ्याच पट लांब असते. पाच सेंटिमीटरचा कवडसा असेल, तर त्याची फट साडेपाच मीटरच्या आसपास सापडायला हवी. शाळेतली साधी पट्टी घेऊन, न चढता, फांदीचं अंतर काढता येतं. (लंबगोल असेल तर आखूड बाजू मोजायची. कडा पुसट असतात, त्यामुळे थोडंफार इकडेतिकडे होतं. अंतर मिळतं ते किरणांच्या तिरक्या रेषेतलं, सरळ उंची नव्हे.)

भिंतीलाही नावं ठेवू नका. पन्हळीखाली, पाइपाच्या सांध्याजवळ, जिथे ओल मुरते तिथे हिरवी मखमल धरलेली असेल. सगळे तिला सरसकट शेवाळं म्हणतात. नीट पाहिलंत तर पुष्कळदा ते मॉस असतं, म्हणजे खोड-पानं असलेली पण मुळं नसलेली चिमुकली झाडं. दहा पटींचं एक भिंग आणा. भिंग वस्तूजवळ धरून लांबून बघायचं नसतं, ही चूक जवळजवळ सगळे करतात. भिंग डोळ्याला भिडवायचं आणि मग स्वतः पुढे सरकायचं, इतकं की नाक भिंतीला लागेल. कोरड्या दिवसांत मॉस काळपट, चुरगळलेलं, मेल्यासारखं दिसतं. त्यावर बोटानं पाण्याचे दोन-चार थेंब सोडा आणि भिंगातून नजर हलवू नका. या पानांची जाडी बहुतेक जागी एकाच पेशीची असते, त्यामुळे पाणी आत शिरायला वेळच लागत नाही. पिळवटलेली पानं एकेक करून सुटतात, बाहेर वळतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत हिरवी होतात. चहा गार होण्याआधी सगळा प्रकार आटोपतो.

तुमच्या पत्रातली भिंत आणि झाड वाचून मला हसू आलं, कारण या जोडीवर एक गाजलेला अभ्यास आहे. रॉजर उलरिक यांनी तो १९८४ साली प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी काढल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. सारखेपणा बघून २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे आणि झाडाला औषधाच्या बाटलीत भरून विकणं मला आवडत नाही. पण त्यातली एक गोष्ट तुमच्यासाठी आहे. त्या रुग्णांना कुणी ‘अनुभवा’ म्हणून सांगितलं नव्हतं. झाड समोर होतं, ते पडल्यापडल्या बघत होते, बस्स.

प्रश्न : तुमच्या सदरात कायम कारणं असतात. हे का, ते कशामुळे. इंद्रधनुष्य म्हणजे पाण्याच्या थेंबातलं अपवर्तन हे कळलं, की त्यातली जादू जाते असं मला वाटतं. काही गोष्टी नुसत्या बघाव्यात. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : नुसत्या बघाव्यात, मान्य. पण नुसतं बघणारा माणूस पुष्कळदा चुकीच्या दिशेला तोंड करून उभा असतो.

सूर्य मावळताना सगळे पश्चिमेकडे बघतात आणि तो बुडाला की घराकडे वळतात. आकाश निरभ्र असेल तेव्हा त्याच क्षणी पूर्वेकडे वळा. क्षितिजालगत राखाडी-निळा पट्टा दिसेल आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. तो निळसर पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, आपल्याच वातावरणावर पडलेली. सूर्य जसजसा खाली जातो तसतशी ती वर चढते आणि थोड्या वेळात आकाशात विरघळते. ही रोजची गोष्ट आहे. ढग आणि इमारती आड आल्या नाहीत, तर कुठूनही दिसते. हे कारण माहीत नसतं तर तुम्ही तिकडे वळला असता का? मी तरी वळले नसते.

तिथेच आणखी दहा-पंधरा मिनिटं थांबा. आसपास लाल फुलांचं झुडूप असेल तर उत्तम. दिवसा लाल फूल पानांपेक्षा उठून दिसतं. अंधार दाटायला लागला, की फूल आधी काळं पडतं आणि पानं मात्र अजून उजळ राहतात. फुलाचं काही झालेलं नसतं, आपल्या डोळ्यांत पहारा बदललेला असतो. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी कामावरून उतरतात आणि मंद उजेडात चालणाऱ्या दंडपेशी हजर होतात. त्यांना लाल उजेड जवळपास दिसतच नाही. चेक शास्त्रज्ञ यान पुरकिन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गोष्ट टिपली. तीही प्रयोगशाळेत नव्हे, अंधूक उजेडात रंग बघता बघता.

कबुतराची मान घ्या. कबुतरांना आपण इतके वैतागलेलो असतो की त्यांच्याकडे बघणंच सोडून दिलंय. तो हिरवा-जांभळा रंग म्हणजे पिसात भरलेलं हिरवं किंवा जांभळं रंगद्रव्य नव्हे. पिसाच्या अगदी बारीक तंतूंवरच्या पातळ थरात उजेड वरून एकदा आणि आतून एकदा परततो, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि काही रंग जोर धरतात, काही मावळतात. म्हणून मान वळली की हिरव्याचं जांभळं होतं. ते पक्षी कठड्यावर घुमत गोल फिरतात ना, तेव्हा बघा. जादू गेली असं वाटलं तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : फोटो काढावेत की नाही? नवरा म्हणतो, फोनमुळे मी काहीच धड बघत नाही.

उत्तर : नवऱ्याची बाजू थोडी खरी आहे. लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात केलेल्या प्रयोगात (२०१४) ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण झूम करून वस्तूच्या एखाद्याच भागाचा फोटो काढला, तेव्हा आठवण टिकून राहिली. तेव्हा अख्ख्या बागेचा फोटो काढू नका, एका पानाचा काढा. आणि आधी बघा, मग काढा.

प्रश्न : काचबिंदूमुळे माझी नजर बरीच गेली आहे. कडेचं दिसत नाही, मधलंही धूसर. तुम्ही ‘बघा, बघा’ म्हणता तेव्हा वाईट वाटतं. आमच्यासारख्यांनी काय करावं?

उत्तर : काका, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. या सदरात ‘बघा’ फार येतं हे खरं आहे.

पहाटेपासून सुरुवात करूया. उजाडण्याआधी पक्षी बोलायला लागतात ते सगळे एकदम नाही. प्रत्येक जातीची वेळ ठरलेली असते आणि मोठ्या डोळ्यांचे पक्षी साधारणपणे आधी सुरू करतात, कारण त्यांना कमी उजेडात दिसतं. अंथरुणात पडल्यापडल्या हा क्रम ओळखायचा. पहिला कोण, दुसरा कोण, कावळा कितवा. पक्ष्यांची नावं माहीत नसतील तर आपली आपण ठेवा: शिट्टीवाला, कुरकुऱ्या, तक्रारखोर. ढगाळ सकाळी हीच मंडळी उशिरा सुरू होतात. म्हणजे पडदा न सारता बाहेर आभाळ आहे की नाही, ते तुम्ही घरच्यांना सांगू शकता.

झाडंही आवाजावरून वेगळी ओळखता येतात. पिंपळाची पानं लांब, बारीक देठांवर लोंबतात, त्यामुळे अंगाला वारा जाणवत नसतानाही ती सळसळत असतात आणि तो आवाज पुष्कळदा पाऊस आल्यासारखा वाटतो. जाड, ताठ पानांचं झाड तेवढ्या वाऱ्यात गप्प असतं. पाऊस पडताना तर प्रत्येक पान वेगळं वाजतं. केळीचं पान आणि तुळस यांत फरक कळायला डोळे लागत नाहीत.

मातीच्या वासाबद्दल सांगायचं तर नाकाच्या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा फार तरबेज आहोत. कोरड्या मातीतून, दगडांतून पहिल्या पावसाबरोबर येणारा वास १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी अभ्यासला. त्यातला मातकटपणा मुख्यतः जिओस्मिन या द्रव्याचा असतो. ते मातीतले जिवाणू बनवतात आणि ते हवेत अगदी नाममात्र असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं दाखवलं, की थेंब मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि बारीक तुषार उडतात. वास त्या तुषारांवर स्वार होऊन येतो. धो धो पावसात हे कमी होतं, हलक्या सरीत जास्त. पावसाचा जोर नाकावरून ओळखता येतो का, हे तुम्ही करून बघा आणि मला कळवा. डोळसांपैकी कुणी एवढा वेळ नाक लावून बसेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : ‘निसर्गातलं सगळंच सुंदर असतं’ असं तुम्ही मागे लिहिलं होतं. पाल सुंदर कशी? उत्तर द्याच.

उत्तर : ‘सगळंच’ हे संपादकांचं, माझं नव्हे. जळूबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

पण पालीचं देते. रात्री दिवा लावला, की खिडकीच्या काचेवर बाहेरच्या बाजूनं पाल येऊन बसते. तुम्ही आत, ती बाहेर, मध्ये काच, म्हणजे किळस वाटण्याचं कारण उरलं नाही. आता काचेजवळ जाऊन तिचे तळवे पाहा. ही संधी एरवी मिळत नाही. प्रत्येक बोटाखाली आडव्या पातळ पट्ट्यांची रांग असते. त्या पट्ट्यांवर साध्या भिंगातूनही न दिसणारे लाखो केस असतात आणि प्रत्येक केसाला टोकाशी पुन्हा शेकडो फाटे. हे फाटे काचेच्या इतके जवळ जातात, की रेणूरेणूंमधलं क्षीण आकर्षण एकत्र येऊन पालीचं वजन पेलतं. चिकटा नाही, हवा शोषून घेणंही नाही. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याचा पुरावा दिला. खरी मजा मात्र ती चालते तेव्हा. इतकं घट्ट धरलेलं सोडवायचं कसं? ती बोटांची टोकं आधी वर वळवते, उलट्या दिशेनं, आणि पाऊल सोलून काढते. एका सेकंदात कितीतरी वेळा. काचेवरून धावत जाणारी पाल पाहाल तेव्हा प्रत्येक पावलाला हे चाललेलं असतं. मध्येच ती जीभ काढून स्वतःचा डोळा पुसते, कारण तिला मिटणाऱ्या पापण्या नाहीत.

आता तिला सुंदर म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी रोज रात्री बघते.

प्रश्न : झाडं तुटताहेत, उन्हाळे वाढताहेत. अशा दिवसांत दवबिंदू आणि कवडसे बघत बसणं म्हणजे मला भरल्या पोटीचा छंद वाटतो. रागावू नका.

उत्तर : रागवत नाही. उलट या पत्राची वाट बघत होते.

१७३६ साली इंग्लंडमधल्या नॉरफोकात रॉबर्ट मार्शम नावाच्या एका जमीनदारानं नोंदी ठेवायला सुरुवात केली. पहिलं रानफूल कधी उमललं, कुठल्या झाडाला पालवी कधी फुटली, पहिली पाकोळी कधी दिसली, अशा वसंताच्या २७ खुणा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं, वातावरण बदलेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बघायला आवडायचं, म्हणून लिहायचं. त्याच्यामागे घरच्या पुढच्या पिढ्यांनी ते १९५८ पर्यंत चालू ठेवलं. वसंत किती अलीकडे सरकला, हे आज ठासून सांगता येतं त्यात असल्या भरल्या पोटीच्या छंदाचा मोठा वाटा आहे. जपानात क्योतोमध्ये चेरीचा बहर कधी आला याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात. बहुतेक दरबारी रोजनिशांमधून, फुलं बघायच्या मेजवान्यांच्या वर्णनातून! २०२१ साली तिथे २६ मार्चला पूर्ण बहर आला आणि तोवरच्या बाराशे वर्षांत इतक्या लवकर तो आल्याची नोंद नव्हती, असं म्हणता आलं ते त्या मेजवान्या झोडणाऱ्यांमुळे.

याची दुसरी बाजूही आहे. डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये दाखवून दिलं, की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जेवढे मासे होते तेवढेच मूळचे धरते आणि घट तिथून मोजते. आधीची घट हिशेबातच येत नाही. झाडं, चिमण्या, काजवे, सगळ्यांचं असंच होतं. जे कधी पाहिलंच नाही ते गेल्याचं कळत नाही आणि न कळलेल्यासाठी कुणी भांडत नाही. तुम्ही झाडांसाठी अर्ज करता, मोर्चाला जाता हे तुमच्या पत्रावरून दिसतंय. ते चालू ठेवाच. पण तोडायच्या झाडाबद्दल ‘जुनं झाड’ एवढंच लिहिण्यापेक्षा त्याला पालवी कुठल्या आठवड्यात येते, कुठले पक्षी कुठल्या फांदीवर घरटं करतात, हे लिहिलेला अर्ज बाजूला सारणं समोरच्याला जास्त अवघड जातं.

तेव्हा एक साधी वही घ्या. झाड एकच निवडा, जाता-येता दिसणारं. पहिली कळी, पहिलं फूल, पानगळ सुरू, पानगळ संपली, एवढं पुरे. वर्णन करू नका, विशेषणं तर नकोच. काही दिसलं नाही तर ‘काही नाही’ असं लिहा, तीही नोंद असते. आणि तारखेपुढे साल लिहायचं विसरू नका. दिवस-महिना सगळे लिहितात, साल हमखास राहतं आणि मग वही चाळणाऱ्याला काही कळत नाही.